हवामानाचा इशारा आणि गावची शाळा

(अवसरी बुद्रुक येथे प्राथमिक शिक्षकांसमोर केलेले भाषण)



पावसाळा तोंडावर आला की गावात दोन प्रकारची तयारी सुरू होते. शेतकरी बी-बियाणे, औजारे आणि घराचे छप्पर यांची पाहणी करतो. शाळेत पटनोंदणी, पाठ्यपुस्तकांचे वाटप आणि वर्गांची झाडलोट होते. या दोहोंच्या जोडीला तिसरी एक तयारी असावयास हवी. ती म्हणजे हवामानाचा इशारा ऐकण्याची, त्याचा अर्थ लावण्याची आणि त्याप्रमाणे वेळेवर वागण्याची. ही तयारी कोणाच्याच नेमून दिलेल्या कामात मोडत नाही असा समज असल्यामुळे ती बहुधा होतच नाही. प्रस्तुत विवेचनाचा हेतू एवढाच की, ही तयारी शाळेच्या कामात मोडते हे ध्यानी यावे. वेधशाळेतून निघालेला इशारा शेवटच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचविणारे आणि त्याचा अर्थ गावाच्या भाषेत सांगणारे माणूस गावात कोण, असा प्रश्न विचारला तर उत्तर बहुतेक ठिकाणी शिक्षक हेच येईल.

आंबेगाव तालुक्याचा नकाशा वर्गाच्या भिंतीवर टांगून पाहावा. पश्चिमेस सह्याद्रीची रांग आणि भीमाशंकरचा जंगलपट्टा आहे. तेथे पावसाळ्यात दिवसचे दिवस सूर्यदर्शन होत नाही. पूर्वेस मंचर, अवसरी, पारगाव या बाजूचा सपाट व कमी पावसाचा प्रदेश आहे. तेथे पावसाची वाट पाहावी लागते, आणि पाटाचे व विहिरीचे पाणी हाच पिकांचा मोठा आधार. एकाच तालुक्यात आकाशाची ही दोन रूपे असल्यामुळे संकटेही दोन प्रकारची आहेत. पश्चिमेस संततधार आणि तिच्यामुळे कोसळणाऱ्या दरडी. पूर्वेस वळवाचा पाऊस, वीज, गारपीट आणि एका तासात दुथडी भरून वाहणारे ओढे. इसवी सन २०१४ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर जी गारपीट झाली, तिने उभी पिके आडवी केली. कोरडा समजला जाणारा मुलूखही आकाशाच्या कोपापासून मुक्त नाही, हे त्या वेळी पुन्हा एकदा दिसून आले. शिवाय पश्चिमेचा पाऊस पश्चिमेसच राहतो असेही नाही. तो घोडनदीतून आणि डिंभे धरणातून पूर्वेकडील नदीकाठापर्यंत येतो. धरण भरत आले म्हणजे पाणी सोडावे लागते, आणि अशा वेळी खालच्या गावांत पावसाचा थेंब नसतानाही नदी चढू शकते. यास्तव अवसरीच्या शिक्षकास अवसरीचे आकाश पाहून भागत नाही. भीमाशंकरच्या आकाशाची बातमीही त्यास ठेवावी लागते.

याच तालुक्यातील माळीण गावाचे नाव आता साऱ्या देशास माहीत आहे. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी मुसळधार पावसात गावावरच्या डोंगराचा मोठा भाग सुटला आणि चाळीसहून अधिक घरे क्षणार्धात चिखलाखाली गेली. दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत मुले होती, त्यांचे आईबाप होते, म्हातारीकोतारी होती. पुढे अनेक दिवस राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी पावसात उभे राहून माती उपसली. नव्या जागी गाव वसविण्यात आले आणि २०१७ च्या एप्रिल महिन्यात तेथे लोक राहावयास गेले. दुर्घटनेनंतर भूवैज्ञानिकांनी जी पाहणी केली, तीत अतिवृष्टीबरोबरच उताराच्या मूळ रचनेत झालेल्या बदलांचाही विचार झाला. त्या चर्चेच्या तपशिलात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. शिक्षकांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट निराळीच आहे.

माळीण गाव दिसत नाही ही वार्ता बाहेर कोणी नेली? ती एसटीच्या एका चालकाने नेली. नेहमीच्या फेरीवर गाडी घेऊन आलेल्या त्या माणसास रोजचे गाव रोजच्या जागी दिसले नाही आणि त्याने ती खबर पुढे कळविली. त्याच्याजवळ कोणतेही यंत्र नव्हते. त्याच्याजवळ रोजच्या जाण्यायेण्यातून झालेली ओळख होती. नित्य काय दिसते हे ज्यास पक्के ठाऊक असते, त्यासच आज काय निराळे आहे हे प्रथम कळते. माळीणच्या बाबतीत ती खबर दुर्घटनेनंतरची होती. तशीच खबर दुर्घटनेपूर्वी देता येईल का, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर नेहमीच होकारार्थी मिळेल असे नाही. परंतु ज्या गावात पाहण्याची सवय आहे, त्या गावात ते मिळण्याचा संभव अधिक.

हा विचार पुढे नेण्यापूर्वी इशारा म्हणजे नेमके काय हे समजून घेतले पाहिजे. भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना १८७५ साली झाली. त्यापूर्वी १८६४ साली कलकत्त्यास भयंकर चक्रीवादळाचा तडाखा बसला होता आणि १८६६ व १८७१ साली पावसाने ओढ दिली होती. संकट आधी कळले तर माणसे वाचतील या निकडीतून हे खाते निर्माण झाले. १९२८ साली त्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले, आणि म्हणूनच शिवाजीनगरची ती दगडी इमारत अद्यापही 'सिमला ऑफिस' या नावाने ओळखली जाते. १९४४ साली मुख्यालय दिल्लीस गेले, तरी पुण्याचे कार्य चालूच राहिले.

हे खाते आज जिल्हावार इशारे देते व त्यांस रंग देते. हिरवा रंग म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे सज्ज राहा. तांबडा म्हणजे कृती करा. हे रंग केवळ पावसाच्या मापाचे नाहीत. संकट किती मोठे येईल आणि ते येण्याचा संभव किती, या दोहोंचा मेळ घालून रंग ठरतो. पावसाच्या शब्दांनाही नेमके माप आहे. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ११५.५ मिलिमीटरपर्यंत पडला तर तो 'जोरदार' पाऊस, त्यापुढे २०४.४ मिलिमीटरपर्यंत 'अतिजोरदार', आणि त्याहून अधिक पडला तर 'अत्यंत अतिजोरदार'. महसूल खात्याच्या व्यवहारात एखाद्या मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला म्हणजे तेथे अतिवृष्टी झाली असे धरतात. हे चोवीस तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे मोजतात. म्हणजे आजच्या तारखेस छापलेला पाऊस हा बहुतांशी कालच्या दिवसाचा व कालच्या रात्रीचा असतो. एवढी लहानशी गोष्ट माहीत नसल्यामुळे वर्तमानपत्रातील आकडे वाचताना कितीतरी घोटाळे होतात.

पुणे जिल्ह्यासाठी पुष्कळदा घाटमाथ्याचा इशारा वेगळा दिला जातो. घाटासाठी तांबडा आणि उरलेल्या जिल्ह्यासाठी पिवळा, असे एकाच दिवशी असू शकते. 'पुणे जिल्ह्यात तांबडा इशारा' असे अर्धवट ऐकून पूर्वेकडील गावाने घाबरून जाणे जसे चुकीचे, तसेच दुपारी ऊन पडलेले पाहून पश्चिमेच्या गावाने निर्धास्त होणेही चुकीचे. पाऊस किती स्थानिक असतो याचे उदाहरण मुंबईने साऱ्या जगास दाखविले आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच शहराच्या दक्षिण टोकास कुलाब्याच्या वेधशाळेत सुमारे ७३ मिलिमीटर एवढीच झाली. एका शहराची ही कथा, तर डोंगरदऱ्यांनी भरलेल्या जिल्ह्याची काय असेल? इशारा जिल्ह्याचा असतो. संकट मात्र एका वाडीवर, एका ओढ्यावर, एका झाडाखाली येते. जिल्ह्यापासून त्या झाडापर्यंतचे जे अंतर आहे, ते कोणत्याही यंत्रास तोडता येत नाही. ते गावातील माणसानेच तोडावे लागते.

येथे एक अडचण उभी राहते, ती विश्वासाची. वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा विनोद फार जुना आहे आणि तो सर्वत्र ऐकू येतो. इंग्लंडमध्येही तो ऐकू येत असे. १८५९ साली 'रॉयल चार्टर' नावाचे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर वादळात फुटून चारशेहून अधिक माणसे बुडाली. तेव्हा रॉबर्ट फिट्झरॉय या नाविक अधिकाऱ्याने १८६१ पासून तारायंत्राच्या साह्याने बंदरांना वादळाचे इशारे पाठविण्यास प्रारंभ केला. त्याचे काही अंदाज चुकले, आणि त्याची पुष्कळ थट्टा झाली. १८६५ साली त्याच्या निधनानंतर लवकरच ते इशारे बंदही करण्यात आले. परंतु ते बंद होताच समुद्रावर पोट असणाऱ्यांकडूनच मागणी आली आणि १८६७ साली ते पुन्हा सुरू करावे लागले. काठावर बसून हसणारे निराळे आणि नाव पाण्यात लोटणारे निराळे. चुकणाऱ्या इशाऱ्याचेही मोल दुसऱ्या वर्गास ठाऊक होते.

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट प्रत्येक शिक्षक मुलांना सांगतो. खोटे बोलू नये, हे तिचे तात्पर्य सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु वेधशाळा ही त्या गुराख्याच्या पोरासारखी गंमत म्हणून ओरडत नाही. ती ढग, वारा आणि हवेचा दाब पाहून संभव सांगते. दहा वेळा सांगितलेल्या संकटापैकी तीन वेळा ते आले नाही, म्हणून उरलेल्या सात वेळा बेसावध राहणे हे शहाणपण नव्हे. त्या गोष्टीचे दुसरे एक तात्पर्य आहे, ते क्वचितच सांगितले जाते. अखेरीस लांडगा खरोखरच आला, आणि त्या दिवशी गावकरी हातातले काम टाकून गेले असते तर मेंढरे वाचली असती. मोठ्या वर्गातील मुलांना संभव म्हणजे काय हे समजाविण्यास ही गोष्ट उपयोगी पडेल. तीच त्यांच्याकडून घरी आईबापांना सांगविता येईल.

इशाऱ्यावर विश्वास बसला आणि त्यास व्यवस्थेची जोड मिळाली तर काय घडू शकते, हे ओडिशा राज्याने दाखविले आहे. १९९९ च्या ऑक्टोबर महिन्यात त्या किनाऱ्यावर आलेल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे दगावली. वादळ येणार हे तेव्हा कळले नव्हते असे नाही. परंतु जावे कोठे, नेणार कोण आणि जावयाचे कशासाठी, या प्रश्नांची उत्तरे गावांजवळ नव्हती. त्यानंतरच्या वर्षांत तेथे निवाऱ्याच्या पक्क्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांतील कित्येक एरवी शाळा म्हणून वापरल्या जातात. गावागावांत स्वयंसेवक तयार झाले, तालमी झाल्या. २०१३ च्या ऑक्टोबर महिन्यात 'फायलिन' हे प्रचंड चक्रीवादळ त्याच किनाऱ्यावर आले. त्यापूर्वी सुमारे दहा लाख लोकांना सुरक्षित स्थळी हलविण्यात आले होते, आणि मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. समुद्र तोच आणि किनाराही तोच होता. फरक पडला तो इशारा आणि माणूस यांच्यामधील वाट बांधली गेल्यामुळे.

चक्रीवादळ ही समुद्रकाठची गोष्ट आहे, तिचा घाटावरील गावांशी संबंध काय, असे कोणास वाटेल. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. त्याचा वारा घाट चढून आला आणि पुणे जिल्ह्यातही झाडे, विजेचे खांब आणि घरांचे पत्रे त्याने पाडले. जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांनाही त्याची झळ लागली. त्या काळात साथीमुळे शाळा बंद होत्या, म्हणून वर्गात मुले नव्हती. छपराचे पत्रे, त्यांचे हूक, भिंतीच्या भेगा आणि अंगणातील वाळकी फांदी यांची पाहणी मे महिन्यातच करावी, हा त्या वादळाचा शाळांना दिलेला धडा आहे.

आता प्रत्यक्ष शाळेकडे वळावयाचे. पहिली गोष्ट परिपाठाची. प्रार्थनेनंतर दिनांक, सुविचार आणि बातम्या सांगण्याची प्रथा सर्वत्र आहे. पावसाळ्यात आणि वळवाच्या दिवसांत तीत आणखी एक ओळ वाढवावी. आजचा रंग कोणता आणि त्यामुळे आज काय करावयाचे, एवढेच तीत सांगावे. केवळ 'आज नारिंगी इशारा आहे' असे म्हणून थांबू नये. त्या शब्दांनी आठ वर्षांच्या मुलास काहीच बोध होत नाही. 'आज दुपारनंतर वीज-वारा होईल. शाळा सुटल्यावर वाटेत चिंचेखाली थांबावयाचे नाही. शेळ्या आणावयास माळावर जावयाचे नाही' असे सांगितले तर तो इशारा होतो. ठिकाण, वेळ आणि कृती, ही तिन्ही ज्या वाक्यात आहेत तेच वाक्य उपयोगाचे. इशारा शाळेच्या बाहेरच्या फळ्यावरही खडूने मोठ्या अक्षरांत लिहावा. येणारा-जाणारा तो वाचतो, आणि ज्यास वाचता येत नाही त्यास मुलगा वाचून दाखवितो.

दुसरी गोष्ट विजेची. पूर्वेकडील गावांत आकाशापासून जिवास सर्वांत मोठे भय विजेचेच आहे. देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे वीज पडून मरतात, आणि त्यांत शेतात राबणारांची व गुरे राखणारांची संख्या मोठी असते. शेतकऱ्यास रोहिणी-मृगाचा कडकडाट आणि हस्ताचा गडगडाट पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. पाऊस येताना झाडाखाली धावण्याची सवयही तितकीच जुनी आहे, आणि तीच घात करते. उंच व एकाकी झाड वीज ओढून घेते आणि खाली उभ्या असलेल्या माणसास व जनावरास तिचा धक्का बसतो. मुलांना येथे गणिताची मदत देता येते. आवाज एका सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे एक किलोमीटर जाण्यास त्यास तीन सेकंद लागतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजावे आणि तिनाने भागावे. नऊ सेकंद झाले तर वीज तीन किलोमीटरवर आहे. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर ताबडतोब पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जावे, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. मात्र पहिली वीज मोजणीची संधी देत नाही. म्हणून काळे ढग जमून वारा फिरला की मोजणीची वाट न पाहता निघावे, हेही त्याच धड्यात सांगितले पाहिजे.

उघड्या रानात अडकलेच तर झाड, तारेचे कुंपण व विहिरीवरील लोखंडी साहित्य यांपासून दूर जावे, पाय जुळवून खाली बसावे, आडवे पडू नये. वीज पडलेल्या माणसास हात लावल्यास धक्का बसतो हा समज चुकीचा आहे, आणि त्याने कित्येक जीव घेतले असतील. अशा माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही. त्याचा श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देऊन तो सुरू करण्याचा प्रयत्न तत्काळ करावयास हवा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावयास हवी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने 'दामिनी' नावाचे ॲप तयार केले आहे. आसपासच्या वीस ते चाळीस किलोमीटरच्या टापूत कोठे विजा पडत आहेत हे त्यावर दिसते. शाळेतील एका तरी शिक्षकाच्या मोबाइलवर ते असावे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या व्यवस्थेतूनही मोबाइलवर इशारे येतात. २०२३ साली मोबाइल एकाएकी मोठ्याने वाजून आलेला चाचणीचा संदेश पुष्कळांना स्मरत असेल. तो संदेश कशाचा होता हे गावात किती घरांनी विचारले आणि किती घरांनी नुसता बंद केला, याचा अंदाज शिक्षकांनीच करावा.

तिसरी गोष्ट ओढ्याची आणि सुटीची. मोठ्या पावसाचा इशारा आला की शाळांना सुटी जाहीर होते. ती योग्यच असते, परंतु सुटी म्हणजे सुरक्षितता नव्हे. सुटी मिळालेले मूल पक्क्या इमारतीतून निघून माळावर गुरांमागे जाते, नाहीतर पाणी पाहावयास ओढ्यावर जाते. म्हणून सुटीची सूचना देताना, उद्या शाळा नाही एवढेच न सांगता, उद्या कोठे जावयाचे नाही हेही सांगितले पाहिजे. दिवसाच्या मध्येच पाऊस वाढला तर मुलांना घाईने सोडून देण्याचा मोह होतो. पालकही तसा आग्रह धरतात. ज्या मुलाच्या वाटेत ओढा आहे त्यास पाणी उतरेपर्यंत शाळेतच ठेवून घेणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे, मग त्यासाठी संध्याकाळ झाली तरी चालेल. वेगाने वाहणारे पाणी गुडघ्याच्याही खाली असले तरी मोठ्या माणसाचे पाय उचलते. मुलाची काय कथा! यासाठी जून महिन्यातच एक यादी करून ठेवावी. कोणते मूल कोणत्या वाटेने येते, त्या वाटेत ओढा किंवा फरशी आहे का, जवळचे पक्के घर कोणाचे, आणि निरोप कोणास द्यावयाचा, हे तीत असावे. ही यादी मुलांकडूनच गावाचा नकाशा काढवून घेऊन तयार केली तर भूगोलाचा पाठही होतो.

चौथी गोष्ट निरीक्षणाची. इशारा केवळ वरून खाली येत नाही. तो खालून वरही गेला पाहिजे. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ती वाडी दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत नव्हती. त्यापूर्वी २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर असाच प्रसंग आला होता. यादी आवश्यक आहे, परंतु यादीत नाव नाही म्हणून डोंगर थांबत नाही. उतारावर नवी भेग पडणे, झाडे व खांब तिरपे होणे, घराची दारे एकाएकी अडकू लागणे, झऱ्याचे पाणी गढूळ होणे किंवा नव्या जागी पाणी फुटणे, ही लक्षणे डोंगर हलत असल्याची असू शकतात. ती प्रथम कोणास दिसतात? रोज त्याच वाटेने शाळेत येणाऱ्या मुलांस. मूल सहज बोलून जाते की आमच्या वरच्या बांधाला चीर पडली आहे. ते बोलणे वर्गातील गडबडीत विरून जाऊ नये. शिक्षकाने जागेवर जाऊन पाहावे, आणि शंका वाटली तर तलाठी, ग्रामपंचायत व तहसील कार्यालय यांना त्याच दिवशी लेखी कळवावे. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक शाळेच्या भिंतीवर रंगवून ठेवावा. कळविलेली भेग निरुपद्रवी ठरली तर कोणाचे काही बिघडत नाही.

निरीक्षणाची सवय लावण्यास साधे पर्जन्यमापक पुरेसे आहे. सरळ उभ्या बाजूंचे भांडे उघड्या जागी ठेवावे आणि रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजावे. पाळीपाळीने मुलांनी नोंद करावी. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. सहा मीटर रुंद व आठ मीटर लांब अशा वर्गखोलीच्या छपरावर ६५ मिलिमीटर पाऊस पडला तर ३,१२० लिटर पाणी पडते. हेच गणित एका हेक्टर उतारावर करून पाहावे. १०० मिलिमीटर पावसात तेथे दहा लाख लिटर, म्हणजे एक हजार टन पाणी पडते. त्यातील बरेचसे वाहून जाते हे खरे. तथापि जे मातीत मुरते त्याचे ओझे डोंगरास वाहावे लागते. डोंगर का सुटतो, हे पाचवीच्या मुलासही या हिशेबावरून समजेल. अशी वही पाच-दहा वर्षे ठेवली गेली तर त्या गावाच्या पावसाची अशी हकिगत हाती येईल की जी दुसऱ्या कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. किती पाऊस झाला म्हणजे ओढ्याच्या फरशीवरून पाणी जाते, हे मग अंदाजाने न बोलता आकड्याने सांगता येईल, आणि वेधशाळेचा 'जोरदार' हा शब्द त्या गावापुरता अर्थपूर्ण होईल.

हे करीत असताना गावातील जुन्या जाणकारांचा उपहास होता कामा नये. नक्षत्रांचे वाहन, मुंग्यांची अंडी आणि वाऱ्याची दिशा पाहून पाऊस सांगणारी म्हातारी माणसे अजून आहेत. त्यांचे सर्वच आडाखे खरे नसतील. परंतु कोणत्या ओढ्याला कोणत्या साली पाणी कोठवर चढले होते, हे त्यांस ठाऊक असते. त्यांस शाळेत बोलावून ती खूण दाखवून घ्यावी आणि तेथे दगडावर रेघ ओढून ठेवावी. आकाशाचे शास्त्र वेधशाळेजवळ आहे. भूमीची आठवण या माणसांजवळ आहे. दोन्ही एकत्र आणण्याची जागा शाळा हीच.

शिक्षकांवर कामांचा भार मोठा आहे हे कोणीही नाकारणार नाही. जनगणना, निवडणूक, निरनिराळ्या नोंदी आणि अहवाल यांत शिकविण्याचाच वेळ कमी पडतो अशी तक्रार असते, आणि ती निराधार नाही. परंतु वर सांगितलेल्या गोष्टींत नवे काम फारसे नाही. परिपाठ आहेच, फळा आहेच, गणित व भूगोल शिकवावयाचेच आहेत. त्यांतील उदाहरणे आकाशातून आणि गावातून घ्यावयाची एवढाच फरक आहे. आणि त्या उदाहरणांचे फळ परीक्षेतील गुणांपुरते राहत नाही. विजेचे अंतर मोजावयास शिकलेली मुलगी वळवाच्या दुपारी बापास चिंचेखालून ओढून घरी आणील. ओढ्याची रेघ ठाऊक असलेला मुलगा धाकट्या भावाचा हात धरून अलीकडेच थांबेल. त्या दिवशी गावात काहीच घडणार नाही, कोणाच्या नावाची बातमी होणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी घेताना पटावरील प्रत्येक नावास 'हजर' असे उत्तर येईल. इशाऱ्याचे आणि शिक्षणाचेही सार्थक यापेक्षा निराळे नाही.